जुन्या गाडीचं पाणी

स्पेअर पार्टच्या दुकानात कूलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात घालायचं द्रव, मागितलं की पहिला प्रश्न येतो, ‘हिरवं देऊ की लाल?’ गिऱ्हाईकही बोनेट उघडून आत कुठला रंग आहे ते बघून आलेलं असतं आणि त्याच रंगाचा डबा घेऊन जातं. नव्या गाडीत यातून फारसं बिघडत नाही. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत मात्र बिघडतं, आणि लगेच दिसत नाही म्हणून जास्तच बिघडतं. कूलंटचा रंग म्हणजे उत्पादकाने वरून मिसळलेला डाय. कोणत्या रसायनाला कोणता रंग द्यायचा, हे सगळ्या उत्पादकांना बांधणारा नियमच नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या पद्धतीचं असतं, दुसरीचं हिरवं पूर्ण सेंद्रिय, आणि तिसरीचं निव्वळ रंगवलेलं पाणीही असू शकतं. म्हणून जुन्या गाडीसाठी दुकानात जाण्याआधी एकच गोष्ट शोधून काढावी: या गाडीचं पाणी कोणकोणत्या धातूंना लागून फिरतं?

प्रीमियर पद्मिनीचंच घ्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली ही गाडी. मुंबईतली तिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, पण जपून ठेवलेल्या खासगी पद्मिनी महाराष्ट्रात अजून फिरतात. तिच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं आणि मूळ रेडिएटर तांब्या-पितळेचा. रेडिएटरच्या नळ्या आणि टाक्या शिसं-कथलाच्या डाकेने जोडलेल्या. म्हणजे एकाच पाण्यात बीड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ आणि डाक असे पाच सोबती. जुन्या दीड लिटरच्या अँबॅसडरमध्ये ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, त्यामुळे ॲल्युमिनियमची काळजी कमी. बाकी रेडिएटर तसाच. वेगवेगळे धातू एका वीजवाहक द्रवात ठेवले की त्यांची बॅटरी तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजत जातो. नळाचं पाणी असा द्रव आहे. कूलंटमधल्या गंजरोधकांचं पहिलं काम ही बॅटरी चालू न देणं.

हे काम आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचं, कारण कूलंटचं मूळ काम आपल्या हवेत जवळपास लागतच नाही. कूलंटमधलं मुख्य द्रव्य एथिलीन ग्लायकॉल. ते मोटारींसाठी बाजारात आलं ते १९२०च्या दशकात, थंड देशांत, पाणी गोठून ब्लॉक फुटू नये म्हणून. नागपूरच्या मे महिन्यात पाणी गोठण्याची भीती कुणाला? आणि उष्णता वाहून नेण्यात तर साधं पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. ग्लायकॉल जितकं जास्त, तितकी मिश्रणाची उष्णता उचलण्याची ताकद कमी. ‘कूलंट टाकलं की इंजिन थंड राहतं’ ही समजूत म्हणून अर्धीच खरी. ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू काही अंश वर जातो, तेवढाच आधार. गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या नळ्या, फॅनचा पट्टा, फॅनभोवतीचं आच्छादन, इग्निशन टायमिंग आणि वॉटर पंपाच्या पात्या बघाव्या लागतात. डबा बदलून ते दुखणं जात नाही.

आता डब्यांकडे. कूलंटची दोन मोठी घराणी आणि एक मिश्र घराणं. जुनं घराणं अकार्बनी गंजरोधकांचं, ज्याला आयएटी म्हणतात. त्यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट, नायट्राइट यांतले काही क्षार असतात, आणि तांब्या-पितळेसाठी ॲझोल वर्गातलं संयुग. सिलिकेट ॲल्युमिनियमवर लगेच पातळ थर धरतं. हे क्षार काम करता करता खर्च होतात, म्हणून असं कूलंट दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी कमी चालली तरी. दुसरं घराणं सेंद्रिय आम्लांचं, ओएटी. यात सेबॅसिक आम्ल, २-एथिल हेक्झॅनॉइक आम्ल यांचे क्षार असतात. ते सगळ्या पृष्ठभागावर थर देत बसत नाहीत. जिथे गंज सुरू होतो तिथे जाऊन चिकटतात. म्हणून हळू खर्च होतात आणि पाच वर्षं टिकतात. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आणि ॲल्युमिनियमचं इंजिन असलेल्या गाड्यांसाठी ते उत्तमच. तिसरं हायब्रिड: सेंद्रिय आम्लांत थोडं सिलिकेट किंवा फॉस्फेट. युरोपीय कंपन्यांनी सिलिकेट निवडलं, कारण तिथल्या जड पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो. जपानी कंपन्यांनी पंपाच्या सीलची काळजी म्हणून सिलिकेट टाळून फॉस्फेट ठेवलं.

डाक असलेल्या रेडिएटरला कोणतं द्यावं, यावर वाद आहे. सेंद्रिय कूलंट डाकेला खातं, असं सरसकट म्हणणं अन्याय होईल. कूलंटच्या अमेरिकी गंज-चाचणीत तांबं, डाक, पितळ, पोलाद, बीड आणि ॲल्युमिनियम अशा सहा धातूंच्या पट्ट्या ८८ अंशांवर ३३६ तास बुडवून ठेवतात आणि नंतर त्यांची झीज मोजतात. चांगली सेंद्रिय कूलंटंही ही परीक्षा पार करतात. पण प्रयोगशाळेतली पट्टी नवी, स्वच्छ आणि मिश्रण मापाचं. चाळीस वर्षांच्या रेडिएटरमधली डाक आधीच भुसभुशीत, वर क्षारांचा थर, त्यात अधूनमधून बाटलीतल्या पाण्याची भर, आणि गाडी महिनोन्महिने उभी. अशा ठिकाणी डाकेवर पांढरट भुकटी फुलते, सांधा आतून खाल्ला जातो, आणि सुटलेला चुरा नळ्यांत जाऊन बसतो. ब्रिटनमधल्या जुन्या वाहनांच्या महासंघानेही आपल्या सदस्यांना सेंद्रिय कूलंट टाळून जुन्या अकार्बनी पद्धतीचंच वापरायला सांगितलं होतं. माझं मत त्याच बाजूला आहे. तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर आयएटी घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. पाच वर्षं टिकण्याचा मोह इथे महाग पडतो.

दुसरं कारण गॅस्केटचं आहे. २-एथिल हेक्झॅनॉइक आम्लाचे क्षार काही सिलिकॉन रबर आणि काही प्रकारचं नायलॉन मऊ करतात. जुन्या गाडीत कुठला मेकॅनिक कुठलं सीलंट लावून गेलाय, याची नोंद कुठेच नसते. थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या पाण्याच्या झडपेच्या) झाकणाखाली, पंपाच्या पाठीमागे, हीटरच्या नळीच्या तोंडाशी लाल-निळी सिलिकॉनची पेस्ट हमखास सापडते. तेव्हा शंका असली तर या आम्लाशिवायचं कूलंट शोधावं. चांगले उत्पादक तसं डब्यावर लिहितात.

नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतरच्या गाड्यांची गोष्ट निराळी. मारुती झेन, सँट्रो, पिंपरीहून निघालेली इंडिका अशा गाड्यांत बऱ्याचदा रेडिएटरचा कोअर (मधला नळ्यांचा भाग) ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. तिथे डाक नाही. हँडबुकात लिहिलंय ते घराणं घ्यावं. जपानी आणि कोरियन वंशाच्या गाड्यांना बहुधा फॉस्फेटवालं सेंद्रिय चालतं. फक्त एक तपासा: मूळ रेडिएटर जाऊन कुणी पितळी तर बसवला नाही ना? उलटंही होतं. पितळी गेला, ॲल्युमिनियमचा आला, आणि कूलंट मात्र जुन्याच सवयीने. नखाने खरवडून बघितलं तरी कळतं. काळ्या रंगाखाली पिवळं-तांबूस दिसलं की पितळ-तांबं, रुपेरी दिसलं की ॲल्युमिनियम.

जुन्या डिझेलचा मुद्दा थोडक्यात. ज्या इंजिनात सिलिंडरचा लायनर थेट पाण्यात बसतो, तिथे पिस्टनच्या धक्क्याने लायनर थरथरतो, पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फुटतात आणि लायनरला बाहेरून सुईएवढी भोकं पडतात. त्यासाठी नायट्राइट असलेलं, हेवी ड्यूटी डिझेलसाठीचं कूलंट लागतं. पेट्रोल कारचा डबा तिथे चालवू नये.

डब्यावर काय वाचायचं? आयएस ५७५९ हे आपलं भारतीय मानक, जेआयएस के २२३४ जपानी, एएसटीएम डी ३३०६ अमेरिकी, बीएस ६५८० ब्रिटिश. यातलं किमान एक छापलेलं असावं. मग कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं) आहे की तयार मिश्रण, आणि तयार असेल तर किती टक्के. हे काहीच नसेल आणि डबा खूप स्वस्त असेल तर घरी वजन करा. शुद्ध एथिलीन ग्लायकॉलचं एक लिटर सुमारे १ किलो ११० ग्रॅम भरतं, निम्मंनिम्मं मिश्रण सुमारे १ किलो ७० ग्रॅम. मोजपात्रात बरोबर एक लिटर ओतून, पात्राचं वजन वजा करून, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर बघा. ‘कॉन्सन्ट्रेट’ म्हणून घेतलेला द्रव १ किलो १५ ग्रॅमच भरला तर त्यात ग्लायकॉल नावापुरतंच आहे. (ते पात्र पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.)

प्रमाण किती ठेवायचं, याचा निर्णय हवेवर आणि गंजरोधकांवर. गोठण्याची भीती नसली तरी ३३ टक्क्यांच्या खाली जाऊ नये, कारण ग्लायकॉल कमी झालं की त्याच्यासोबत येणारे गंजरोधकही पुरत नाहीत. महाराष्ट्रात आणि गोव्यात ३३ ते ४० टक्के पुरेसं. ५० टक्क्यांना उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण मिळतं; लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्याने किंवा कॅनडात जुनी गाडी सांभाळणाऱ्याने तेवढं ठेवावं. साठच्या वर कुणीही जाऊ नये. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणं ही तर मोठी चूक: ते उष्णता कमी उचलतं, दाटपणामुळे पंपावर भार येतो, आणि गोठण्याचा बिंदूही उलट वर, उणे १३ अंशांच्या आसपास येतो.

उत्कलनाचं गणित झाकणात आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. घाट चढून आलेली गाडी बंद केली की हेडजवळचं पाणी या आकड्याच्या वर सहज जातं. रेडिएटरचं झाकण दाब धरतं म्हणून पाणी उकळत नाही. झाकणावर दाबाचा आकडा पीएसआय या एककात असतो; दर एक पीएसआय दाबामागे उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने चढतो. ७ पीएसआयचं झाकण म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे १११ अंश, वर ३३ टक्के ग्लायकॉलचे आणखी चारएक. म्हणजे उत्कलनबिंदू वर नेण्यात झाकणाचा वाटा कूलंटपेक्षा मोठा, आणि नवं झाकण डब्यापेक्षा स्वस्त. त्याच्या खालची रबरी चकती कडक झाली असेल किंवा मधली छोटी निर्वात झडप अडकली असेल तर झाकण बदला. पण ७ पीएसआयच्या जागी दुकानात मिळालं म्हणून १३चं लावू नका. जुन्या पितळी टाकीचे सांधे त्या दाबासाठी केलेले नसतात. शिवणीतून पाणी येतं आणि दोष कूलंटला लागतो.

पाण्याचं म्हणाल तर डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आयएटीमधल्या फॉस्फेटशी मिळून साका करतं, आणि तो साका हेडमधल्या सगळ्यात गरम जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूला बसतो. मुंबईचं धरणाचं पाणी त्या मानाने मऊ, पण त्यातही क्लोराइड असतंच आणि ॲल्युमिनियमला ते भोकं पाडतं. मीठ वापरून मऊ केलेलं सॉफ्टनरचं पाणी तर नकोच; त्यात कॅल्शियम जाऊन सोडियम येतं, क्लोराइड तिथेच राहतं. एसीचं ठिबकणारं पाणी मऊ असलं तरी कॉइलवरची धूळ आणि धातू घेऊन येतं. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी पाच लिटर आणलं की प्रश्न मिटतो. बॅटरीचं ॲसिड नाही, पाणी. दुकानात दोन्हीचे कॅन शेजारीशेजारी असतात.

बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं. हीटर असेल तर त्याचा व्हॉल्व्ह उघडा. रेडिएटरची खालची तोटी सोडा, आणि शक्य असेल तर ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन प्लगही. तो बहुधा गंजून बसलेला असतो. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि तरीही हलला नाही तर बळजबरी करू नका. प्लग उघडून काहीच आलं नाही तर तारेने आतला गाळ फोडा. ब्लॉकच्या तळाशी बसलेली ही तांबूस माती म्हणजे बिडाचा गंज आणि ओतकामाच्या वेळची वाळू. मागच्या सिलिंडरचं तापणं बऱ्याचदा याच गाळामुळे असतं.

मग साधं पाणी भरून, वरचा होज गरम होईपर्यंत इंजिन चालवून, थंड करून, काढून टाका. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच पुन्हा. तरीही तांबूस येत राहिलं तर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिटरमागे ५० ग्रॅम विरघळवून भरावं आणि गरम इंजिनावर जास्तीत जास्त अर्धा तास फिरवावं. नंतर चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावं. धुण्याचा सोडा वापरू नका, तो ॲल्युमिनियम खातो. एक इशारा द्यायलाच हवा: फार जुन्या इंजिनात गंजच कधीकधी भोकं बुजवून बसलेला असतो. ॲसिडने तो निघाला की ब्लॉकच्या वेल्श प्लगमधून, म्हणजे ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्यांमधून, पाणी झिरपायला लागतं. हे प्लग स्वस्त असतात, पण मागचा बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागू शकतो. त्यामुळे गाडी नीट चालत असेल, तापत नसेल, तर ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. साध्या पाण्याची धुलाई पुरे.

शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा, कारण सगळं पाणी कधीच बाहेर येत नाही. ब्लॉक आणि हीटरमध्ये पाव ते एक तृतीयांश राहतं. इथेच तयार मिश्रण फसवतं. समजा यंत्रणेत एकूण पाच लिटर मावतं आणि दीड लिटर आत राहिलं. त्यावर ३३ टक्क्यांचं साडेतीन लिटर तयार मिश्रण ओतलं तर आत प्रत्यक्षात सुमारे २३ टक्केच तयार होतं. म्हणून धुलाईनंतर कॉन्सन्ट्रेट घ्यावं: पाच लिटरचे ४० टक्के म्हणजे दोन लिटर कॉन्सन्ट्रेट आधी, मग जागा राहील तेवढं, साधारण दीड लिटर, डिस्टिल्ड पाणी. आपल्या गाडीत किती मावतं ते हँडबुकात नसेल तर काढलेलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजून घ्या.

भरताना सावकाश ओता. गाडीचं नाक थोडं चढावर ठेवलं की हवा रेडिएटरच्या तोंडाकडे येते. वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे निघतात. झाकण न लावता इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भर घाला. ज्या जुन्या गाडीला ओव्हरफ्लोची बाटली नाही, तिथे तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा. काठोकाठ भरलं तर तेवढं कूलंट गरम झाल्यावर नळीतून रस्त्यावर जातं, आणि गाडी ‘पाणी पिते’ असा गैरसमज होतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे फार जुनी पद्धत आहे, आणि ती सोडायला हवी. त्याशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचतं, ऑइलमध्ये ओल साठून चिखल होतो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरचा बोअर झिजतो. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालतं आणि गाडी उलट तापते. जुना थर्मोस्टॅट तपासायला दोऱ्याने बांधून पाण्याच्या पातेल्यात लोंबता सोडा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर ठेवा. अंगावर ८२ लिहिलं असेल तर त्याच्या आसपास उघडायला लागून पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. गळती बंद करायला रेडिएटरमध्ये हळद टाकणं किंवा गंज नको म्हणून सोल्युबल ऑइल (पाण्यात मिसळणारं तेल) घालणं, हेही तसंच. हळद भोक बुजवते तशा चांगल्या नळ्याही बुजवते. ऑइल होजचं रबर फुगवतं आणि धातूवर थर धरून उष्णता अडवतं. गळका रेडिएटर काढून कारागिराकडे डाक लावून घ्यावा, नळ्या बुजल्या असतील तर टाकी उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्यावं. हे कारागीर आता कमी उरलेत. आपल्या भागात कुणी असेल तर पितळी रेडिएटर भंगारात देऊन ॲल्युमिनियमचा घेण्याआधी त्याच्याकडे जाच.

नवं कूलंट भरल्यावर पहिल्या आठवड्यात सगळ्या होजच्या क्लिपा तपासा. ग्लायकॉल पाण्यापेक्षा बारीक फटीतून झिरपतं आणि सुकल्यावर रंगीत डाग सोडतं, त्यामुळे पूर्वी न दिसणारी गळती दिसू लागते. पुढे सहा महिन्यांनी पीएच पट्टी बुडवा: ताजं आयएटी साधारण ८.५ ते १०.५ दाखवतं, साडेसातच्या खाली आलं तर मुदतीआधीच बदला. मल्टिमीटर असेल तर एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला, दुसरं रेडिएटरच्या तोंडातल्या द्रवात, धातूला न लागता. ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर कूलंट संपलंय किंवा इंजिनाची अर्थ वायर सैल आहे. ॲल्युमिनियम हेड असेल तर आकडा ०.१च्या वर गेला की लगेच शोध सुरू करा. तांबूस पाणी म्हणजे बीड गंजतंय. वर तेलकट तवंग किंवा कॉफीसारखा रंग म्हणजे हेड गॅस्केटची शंका. गाडीत बसल्यावर गोडसर वास आणि काचेवर चिकट धुकं म्हणजे हीटरचा कोअर गळतोय.

दोन घराण्यांची कूलंटं मिसळू नका. कधी त्याचा जेलीसारखा गोळा होतो, बहुतेकदा होत नाही, पण दोन्हींचे गंजरोधक अपुऱ्या मात्रेत येतात. घराणं बदलायचं तर मधे पूर्ण धुलाई हवी. आत काय आहे हे ठाऊक नसलेली गाडी घेतली असेल तर अंदाज न करता सगळं काढून नव्याने सुरुवात करा, आणि तारीख, नाव, प्रमाण एका पट्टीवर लिहून बोनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. पुढच्या मेकॅनिकला रंग बघून ठरवावं लागणार नाही.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. एथिलीन ग्लायकॉल गोड असतं. कुत्री ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांच्या किडन्या जातात. मोठ्या माणसालाही सुमारे १०० मिलिलिटर जिवावर बेतू शकतं. जुन्या रेडिएटरमधून आलेल्या द्रवात डाकेतलं शिसंही उतरलेलं असतं. काढताना खाली पसरट घमेलं ठेवा, सांडलेलं लगेच भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट झाकण घट्ट बसणाऱ्या कॅनमध्ये भरा, त्यावर ‘विष’ असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि वापरलेलं ऑइल, कूलंट रीतसर गोळा करणाऱ्या वर्कशॉपमध्ये द्या. सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत ते कधीही, एका रात्रीपुरतंसुद्धा, ठेवू नका.